झाडाच्या वलयांतून सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र कसं मोजायचं

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात. हे सौरडाग दुर्बिणीतून पाहून टिपायला १६१० च्या सुमारास सुरुवात झाली. त्याआधीचा सूर्य कसा होता हे झाडाच्या वलयांतला कार्बन-१४ आणि ध्रुवीय बर्फातलं बेरिलियम-१० सांगतं. दोन्ही समस्थानिकं विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, माऱ्यामुळे वातावरणात तयार होतात. सूर्य जोरात असला, म्हणजे डाग जास्त असले, की त्याचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याबरोबर ग्रहमालाभर पसरतं, विश्वकिरणांना अडवतं आणि उत्पादन घटतं. सूर्य मंदावला की ते वाढतं. म्हणून ही नोंद उलटी वाचायची असते: कार्बन-१४ जास्त, तर सूर्य शांत.

इथवर सगळं सोपं वाटतं. काम अडतं ते आकड्यांवर. अकरा वर्षांच्या चक्रात कार्बन-१४ चं उत्पादन सरासरीच्या वर-खाली दहा-पंधरा टक्के हलतं, पण वलयात त्यातलं जेमतेम दीड दर हजारी, म्हणजे १.५ ‰, उमटतं. एका नमुन्याच्या चांगल्या मोजमापातली त्रुटीही दीड ते दोन ‰ असते. लाकूड निवडण्यापासून शेवटच्या आलेखापर्यंतची सगळी मेहनत या दीड ‰ ला सांभाळण्यासाठी करायची आहे, हे आधीच मनाशी पक्कं केलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

दीड ‰ कुठून आलं

हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावाच. औद्योगिक काळापूर्वी हवेत सुमारे ५९० अब्ज टन कार्बन होता आणि त्यात कार्बन-१४ होता साधारण ८०० किलो. सगळ्या पृथ्वीवर मिळून वर्षाला नवा कार्बन-१४ तयार होतो तो फक्त सहा-सात किलो. म्हणजे एका वर्षाची भर साठ्याच्या ८ ‰ इतकी. ही भर ११ टक्क्यांनी वाढली, तर साठा वर्षाला ०.९ ‰ जादा वेगानं चढेल. अकरा वर्षांच्या लाटेसाठी या वेगाला २ × ३.१४ ÷ ११, म्हणजे ०.५७ ने भागायचं. उत्तर येतं १.५ ‰ आणि थोडं.

याच हिशेबातून दुसरी महत्त्वाची गोष्ट निघते. टाकीत पाणी सोडणारा नळ सर्वांत जोरात असतो, त्या क्षणी टाकीची पातळी सर्वांत वर नसते. नळ पुन्हा सरासरीवर येईपर्यंत ती चढतच राहते. तसंच इथे. सौरडाग किमान असताना उत्पादन जास्तीत जास्त असतं, पण वलयातला कार्बन-१४ कळस गाठतो तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तुमच्या नोंदीतले कळस सौरडागांच्या किमानाच्या वर्षीच नेमके बसत असतील, तर आनंद मानू नका. वलयांची वर्षं दोन-तीननं सरकली नाहीत ना, ते आधी तपासा.

लांब चक्रांना हा साठा इतका दाबत नाही. सुमारे २०० वर्षांचं चक्र साधारण वीस पटींनी बोथट होतं, तर अकरा वर्षांचं शंभर पटींनी. त्यामुळे १६४५ ते १७१५ च्या माउंडर किमानासारखे दीर्घ मंदीचे काळ दहा-वीस ‰ नं वर आलेले दिसतात. डच शास्त्रज्ञ हेसेल डी व्हरीस यांना १९५८ मध्ये हवेतला कार्बन-१४ स्थिर नसल्याचं लक्षात आलं, ते अशाच मोठ्या चढउतारांमुळे.

लाकूड आणि काळ निवडताना

पहिल्या प्रकल्पासाठी १७०० ते १८५० हा काळ घ्या. या काळातली सौरडागांची नोंद हाताशी असल्यानं आपलं उत्तर पडताळता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडी कोळशाचा मृत (कार्बन-१४ संपलेला) कार्बन हवेत मिसळून कार्बन-१४ चं प्रमाण खाली ओढू लागतो. १९५५ नंतर अणुचाचण्यांनी उलटाच गोंधळ केला आणि १९६३-६४ पर्यंत उत्तर गोलार्धात ते जवळजवळ दुप्पट झालं. विश्वकिरण थेट मोजणाऱ्या न्यूट्रॉन मॉनिटरच्या नोंदी १९५१ पासूनच्या आहेत. म्हणजे स्वच्छ कार्बन-१४ आणि थेट मोजमाप यांची गाठ कुठेच पडत नाही. म्हणून जुन्या सौरडागांवरच भिस्त ठेवावी लागते.

किती वलयं लागतील? लाटेच्या उंचीतली त्रुटी साधारणपणे एका नमुन्याच्या त्रुटीला २ भागिले नमुन्यांची संख्या याच्या वर्गमुळानं गुणून मिळते. एका नमुन्याची त्रुटी १.८ ‰ असेल, तर २२ वर्षांच्या तुकड्यातून लाटेची उंची ०.५४ ‰ च्या अचूकतेनं कळते. १.५ ‰ च्या संकेतासाठी हे अगदीच काठावरचं झालं. १०० सलग वर्षं घेतली तर तीच त्रुटी ०.२५ ‰ वर येते. शंभरांपेक्षा कमी वलयांच्या भरवशावर चक्र सापडल्याचा दावा करू नये.

लाकडाचं वय वलयांच्या रुंदीचा नमुना इतर झाडांशी जुळवून, एका वर्षाचीही चूक न राहता ठरलेलं हवं. एका खोडावर वलयं मोजून भागत नाही. दुष्काळी वर्षी वलय गाळलं जातं, अवेळी पावसानं एका वर्षात दोन दिसतात. युरोपातले ओक आणि पाइन, जपानचा सीडर यांच्यावर अशी कामं झाली आहेत.

मराठी वाचकाच्या मनात इथे सागवान येणारच. सागाला वार्षिक वलयं पडतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केरळच्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची वलयमालिका बांधली आहे. मान्सूनच्या अभ्यासासाठी ती अमोल आहे. सूर्याच्या अभ्यासात मात्र मोसमी वारेच आडवे येतात. दक्षिण गोलार्धातल्या हवेत कार्बन-१४ उत्तरेपेक्षा साधारण ४-५ ‰ कमी असतो, आणि मान्सून तीच हवा विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे आणतो. एखाद्या वर्षी त्याचं प्रमाण बदललं तर होणारा फरक सौरचक्राच्या संकेताएवढा असू शकतो. सुरुवात मध्य किंवा उच्च अक्षांशावरच्या झाडापासून करावी.

कापणी

स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली धारदार स्काल्पेलनं एकेक वलय सोलून काढा. एका वलयाचं ३० ते ५० मिलिग्रॅम लाकूड पुरतं. वलयाची रुंदी एक मिलिमीटरच्या आत असेल, तर शेजारचं लाकूड हमखास येतं. ओकचं वसंतातलं, मोठ्या छिद्रांचं लाकूड अंशतः आदल्या वर्षी साठवलेल्या साखरेतून बनतं. म्हणून ते वगळून उन्हाळ्यातला दाट भागच घ्या.

शेजारच्या वलयाचं दोन-चार टक्के लाकूड मिसळलं तर अकरा वर्षांच्या चक्राचं काही बिघडत नाही, कारण लागोपाठच्या दोन वर्षांत सौरचक्रामुळे होणारा फरक एका ‰ च्याही आत असतो. चिठ्ठी चुकली तर मात्र पुढची सगळी मालिका सरकते. कुपीवर वर्ष आधी लिहा, मग वलय कापा, आणि प्रत्येक दहा वलयांनंतर उरलेल्या लाकडाचा फोटो काढून ठेवा. दक्षिण गोलार्धातलं लाकूड असेल, तर तिथली वाढ दोन कॅलेंडर वर्षांत विभागली जाते आणि वाढ सुरू झाली ते वर्ष वलयाला देण्याचा प्रघात आहे. मालिका कुठल्या पद्धतीनं मांडली आहे, ते विचारून घ्या.

एका बारीक गोष्टीकडे सहज दुर्लक्ष होतं. वलयं मोजणारे लोक दशकांच्या खुणा पेन्सिलनं करतात. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट हा लाखो वर्षं जुना, कार्बन-१४ पूर्ण संपलेला कार्बन आहे, आणि आम्ल-अल्कलीनं तो निघत नाही. तयार नमुन्यात १ मिलिग्रॅम कार्बन असतो. त्यात १ मायक्रोग्रॅम ग्रॅफाइट राहिलं की मोजमाप १ ‰ नं खाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका ठिपक्यात संकेताचा मोठा भाग गेला, आणि खुणा दर दहाव्या वलयावर असल्यानं चूकही दहा वर्षांच्या ठेक्यात येते, म्हणजे नेमकी सौरचक्राच्या आसपास. वरचा थर तासून फेकून द्या आणि नव्या खुणा सुईच्या टोचणीनं करा. हीच गोष्ट डिंक आणि सरसाची. लाकूड पट्टीवर चिकटवलेलं असेल तर तो भाग घेऊच नका.

सेल्युलोज वेगळं करणं

लाकडातली राळ, टॅनिन आणि लिग्निन काढून सेल्युलोज ठेवायचं, कारण ते त्या-त्या वर्षी जिथल्या तिथे बनतं, पुढे हलत नाही. वापरात असलेला क्रम असा: ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ७५ अंश सेल्सियसला रात्रभर, मग ४ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा-पाऊण तास, पुन्हा अल्कली तास-दीड तास, पुन्हा आम्ल, आणि शेवटी ५ टक्के सोडियम क्लोराइटमध्ये पीएच २ ते ३ ठेवून साधारण दोन तास. प्रत्येक पायरीनंतर शुद्ध पाण्यानं धुवा. पाइनसारखं राळेचं लाकूड असेल तर आधी विद्रावकानं राळ काढावी.

अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. म्हणून अल्कलीनंतर आम्लाची पायरी कधी गाळायची नाही. क्लोराइट आम्लात टाकलं की क्लोरीन डायऑक्साइड सुटतो. तो विषारी आहे आणि साचला तर स्फोट होतो, तेव्हा हे काम धूरकपाटातच करायचं, झाकण सैल ठेवून. शेवटी उरलेलं सेल्युलोज कापसासारखं पांढरं दिसायला हवं. पिवळट किंवा तपकिरी राहिलं तर क्लोराइटची पायरी पुन्हा करा. गोठवून सुकवल्यावर मूळ वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हाती येतं.

मोजमाप

सेल्युलोजमध्ये ४४ टक्के कार्बन असतो, म्हणून अडीच मिलिग्रॅम जाळलं की एक मिलिग्रॅमहून थोडा जास्त कार्बन मिळतो. त्याच्या वायूचं लोखंडाच्या भुकटीवर, हायड्रोजनमध्ये, ५५० ते ६०० अंशांना ग्रॅफाइट करतात आणि ते दाबून एएमएस (त्वरक वस्तुमान वर्णपटमापी, कार्बन-१४ चे अणू एकेक करून मोजणारं) यंत्रात ठेवतात. मोजणीचा नियम साधा आहे. १ ‰ अचूकतेसाठी कार्बन-१४ चे १० लाख अणू मोजावे लागतात, २ ‰ साठी अडीच लाख पुरतात. एक मिलिग्रॅम नमुन्यात असे सुमारे सहा कोटी अणू असतात. तेव्हा अणू कमी पडत नाहीत. यंत्राचा वेळ आणि स्थिरता कमी पडते.

भारतात दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत एएमएस आहे. कुठेही नमुने देण्याआधी एकच प्रश्न नीट विचारा: एकाच लाकडाचे अनेक तुकडे महिन्यांच्या अंतरानं मोजले तर आकडे किती विखुरतात? अहवालातली त्रुटी बहुधा मोजणीची असते. खरा विखुराव त्याहून मोठा निघतो. पुरातत्त्वाच्या कालमापनाला ४-५ ‰ चालतं, इथे त्यात संकेत बुडून जाईल.

प्रत्येक मॅगझिनमध्ये (एका वेळी यंत्रात बसणाऱ्या नमुन्यांच्या संचात) ऑक्झॅलिक आम्ल-२ हा तुलनेचा प्रमाण-पदार्थ, सगळ्या रसायनांतून काढलेलं जीवाश्म लाकूड आणि माहीत असलेल्या वयाचं एक लाकूड घाला. नमुन्यांपैकी निदान एक दशांश दोनदा मोजा.

नमुने लावण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. १७०१ ते १७२० एका मॅगझिनमध्ये आणि १७२१ ते १७४० दुसऱ्यात, असं ओळीनं लावलं तर दोन मॅगझिनांमधला एका ‰ चा फरक थेट वीस वर्षांच्या पायरीसारखा नोंदीत शिरतो. विषम वर्षं एका मॅगझिनमध्ये आणि सम वर्षं दुसऱ्यात लावा. मग यंत्राचा फरक एकाआड एक दातांसारखा दिसतो, सम-विषमांच्या सरासरीतून तो लगेच मोजता येतो आणि चक्राला हात न लावता काढून टाकता येतो.

डेल्टा काढताना

प्रयोगशाळा एफ ही संख्या देते, म्हणजे नमुन्यातल्या कार्बन-१४ चं प्रमाण-पदार्थाशी गुणोत्तर. डेल्टा म्हणजे त्या वर्षीची हवा प्रमाणापेक्षा किती ‰ वर किंवा खाली होती तो आकडा. त्यावरून त्या वर्षीच्या हवेतला कार्बन-१४ असा काढायचा:

डेल्टा = (एफ × ई चा घात [(१९५० − वर्ष) ÷ ८२६७] − १) × १०००

१६५० सालच्या वलयाचा एफ ०.९७१५ असेल, तर ३०० ÷ ८२६७ वरून ई चा घात १.०३६९६ येतो आणि डेल्टा ७.४ ‰. रेडिओकार्बन वय काढताना ८०३३ हा जुना आकडा वापरतात. तो इथे चुकून घातला तर उत्तर येतं ८.५ ‰. फरक १.१ ‰. सलग एकाच पद्धतीनं केलं तर हा फरक हळूहळू बदलणाऱ्या उताराच्या रूपात येतो आणि चक्र वाचतं, पण वेगवेगळ्या पद्धतीनं काढलेल्या दोन मालिका जोडल्या की सांध्यावर खोटी पायरी पडते. इसवी सनापूर्वीच्या वर्षांत शून्य वर्ष धरलं आहे की नाही तेही पाहा. खगोलशास्त्रीय गणनेत इसवी सन पूर्व ६६० म्हणजे उणे ६५९.

लाट गाळणं आणि खोटी लाट ओळखणं

इथे सर्वांत जास्त फसगत होते. ८ ते १५ वर्षांचा बँडपास फिल्टर (तेवढ्याच लांबीच्या लाटा ठेवून बाकीच्या काढणारी गणिती चाळणी) लावला की कुठल्याही आकड्यांतून अकरा वर्षांच्या आसपासच्या सुरेख लाटा निघतात. नुसत्या गोंधळातूनही. वर्षागणिक नमुन्यांत १.८ ‰ चा यादृच्छिक गोंधळ असेल तर त्याच्या विचरणाचा (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचा) सुमारे १२ टक्के भाग या पट्ट्यात पडतो. म्हणजे सूर्य काहीच करत नसतानाही सरासरी ०.९ ‰ उंचीच्या लाटा दिसतील. खरी लाट १.५ ‰ ची. तेव्हा तुमच्याच त्रुटी वापरून हजारभर कृत्रिम मालिका बनवा, प्रत्येकीला तोच फिल्टर लावा, आणि तुमची लाट त्यांतल्या किती टक्के मालिकांपेक्षा उंच आहे ते पाहा. प्रत्येक वर्ष दोनदा मोजलं तर गोंधळाच्या लाटा ०.६ ‰ वर येतात. पैसे आणि यंत्राचा वेळ जास्त मिळाला तर मालिका लांबवण्याआधी हे करावं.

मालिकेत एखादी अचानक उडी असेल तर ती आधी दुरुस्त करा. नागोया विद्यापीठाच्या फुसा मियाके आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलेली इसवी सन ७७४-७७५ ची उडी १२ ‰ ची आहे, ९९३-९९४ ची त्याहून लहान. अशी पायरी फिल्टरमधून गेली की घंटेवर टोला पडल्यासारख्या दोन्ही बाजूंना लाटा उमटतात आणि त्या सौरचक्र म्हणून मोजल्या जातात. मालिकेच्या दोन्ही टोकांची दहा-पंधरा वर्षंही निष्कर्षातून वगळा, तिथे फिल्टर अर्धवट माहितीवर चालतो. काही वर्षं गाळलेली असतील तर मधले आकडे भरू नका, असमान अंतरांवरच्या आकड्यांतूनही लाट शोधणारी लोम्ब-स्कार्गल पद्धत वापरा.

गाळलेल्या लाटेवरून उत्पादन काढायचं ढोबळ सूत्र असं: पुढच्या वर्षातून मागचं वर्ष वजा करून निम्मं करा, त्यात या वर्षीच्या आकड्याचा नववा भाग मिळवा (समुद्र आणि हवा यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी), आणि आठनं भागा. मागच्या वर्षी ०.४, यंदा १.०, पुढच्या वर्षी १.४ ‰ असेल, तर ०.५ अधिक ०.११, भागिले ८, म्हणजे उत्पादन सरासरीपेक्षा साडेसात टक्क्यांच्या आसपास जास्त. हे फक्त ८ ते १५ वर्षांच्या पट्ट्यापुरतं. शतकांच्या चढउतारांसाठी खोल समुद्रासकट अनेक कप्प्यांचं प्रारूप लागतं, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्या काळात किती बदललं तेही वजा करावं लागतं.

प्रयोगशाळा हाताशी नसेल तरी हा सगळा सराव घरी करता येतो. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या गटानं २०२१ मध्ये इसवी सन ९६९ ते १९३३ ची वर्षागणिक नोंद प्रसिद्ध केली, तिचे आकडे घ्या. इंटकॅल-२० ची वक्ररेषा घेऊ नका. ती कालमापनासाठी गुळगुळीत केलेली आहे.

बर्फाला विचारा

शेवटची पडताळणी बेरिलियम-१० ची. १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या देवेंद्र लाल, बर्नार्ड पीटर्स आणि सहकाऱ्यांनी खोल समुद्राच्या गाळात ते मोजलं होतं, म्हणजे या शास्त्राच्या मुळाशी कुलाब्याची माती आहे. बेरिलियम-१० धुळीच्या कणांना चिकटून वर्ष-दोन वर्षांत खाली येतं. त्याला कार्बनसारखा मोठा साठा नसतो, म्हणून बर्फात अकरा वर्षांची लाट शंभर पटींनी दबत नाही. त्याऐवजी हिमवृष्टी आणि वाऱ्याचा गोंधळ भरपूर असतो.

ग्रीनलँडच्या एक ग्रॅम बर्फात सुमारे दहा हजार अणू असतात. एक किलो बर्फाला ०.२ मिलिग्रॅम साधं बेरिलियम वाहक म्हणून घालतात, आणि ते बर्फ वितळण्याआधीच घालायचं, नाहीतर अणू भांड्याच्या भिंतीला चिकटून जातात. मग प्रमाण पडतं एक लाख कोटीत एकाहूनही कमी. यंत्रात बोरॉन-१० अगदी त्याच वजनाचा म्हणून आड येतो, तेव्हा बोरोसिलिकेट काच कुठेच वापरू नका. आयन-विनिमय स्तंभातून वेगळं करून, अमोनियानं साका बसवून, ८५० अंशांच्या आसपास भाजून ऑक्साइड करतात आणि नायोबियमच्या भुकटीत मिसळतात. ही ऑक्साइडची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

कार्बन आणि बेरिलियम यांचे जमिनीपर्यंतचे रस्ते इतके वेगळे आहेत की दोघांतही जे सारखं दिसतं ते हवामानाचं असण्याची शक्यता कमी आणि सूर्याचं असण्याची जास्त. ग्रीनलँडच्या डाय-३ या ठिकाणच्या बर्फात माउंडर किमानातही, डाग जवळजवळ नाहीसे झाले असताना, अकरा वर्षांच्या आसपासची लाट चालू राहिलेली दिसते. याला एक कारण असंही आहे की सूर्य मंद असताना उत्पादन त्याच्या लहानशा बदलालाही जास्त प्रतिसाद देतं.

दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवताना बर्फाच्या वर्षांवर आंधळा विश्वास ठेवू नका. थर मोजताना चुका साचत जातात. वर सांगितलेल्या ७७४-७७५ च्या उडीच्या खुणेवर जुळवून पाहिलं तेव्हा ग्रीनलँडची प्रमाण मानलेली कालगणना तिथे सुमारे सात वर्षांनी सरकलेली निघाली, आणि अकरा वर्षांच्या चक्रात सात वर्षं म्हणजे कळसाच्या जागी खळगा. आधी अशी खूण दोन्हीकडे शोधा आणि बर्फ सरकवून वलयांशी जुळवा.